एरंडेल प्यालेली जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हणजे अवघी सात वर्षांची. पण माणसाची सात वर्षं वेगळी आणि मोटारीची वेगळी. त्यातली चार मी लष्करात काढली आहेत, तेव्हा मला आजी म्हणालात तरी मी रागावणार नाही. सध्या मी नगर शहरातल्या एका लहानशा दवाखान्याच्या मागे, कडुलिंबाखाली उभी असते. दवाखान्याला यंदा, म्हणजे १९४९ साली, नवी कोरी बंद गाडी मिळाली. तेव्हापासून माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. मला ते मुळीच आवडत नाही, पण सांगू कुणाला?

माझा जन्म अमेरिकेतल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. लढाई चालू होती, कुणाला नटवायला वेळ नव्हता. मला दारं दिली नाहीत, अंगाला शेवाळी रंग फासला आणि बोटीवर चढवून दिलं. ब्रह्मदेशाच्या चिखलात मी सायबांना, जखमींना, पाण्याच्या पिंपांना वाहून नेलं. लढाई संपली आणि आमची गरज संपली. नगरजवळ भिंगारच्या छावणीत आम्हा बहिणींना रांगेत उभं करून आमचा लिलाव झाला. मला दवाखान्याच्या डॉक्टर सरोजिनीबाईंनी घेतलं. पांढरा रंग दिला, पुढे तांबडी फुली काढली. मी मनातून फार खूश झाले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

माझा चालक होता शांतवन. तोही लढाईवरून परत आलेला, लष्करात चार वर्षं गाड्या चालवलेला नगरचाच ख्रिस्ती माणूस. कमी बोलणारा, पण गाडीच्या बाबतीत अतिशय काटेकोर. माझ्या पोटात काय आहे ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता माझ्या पोटाबद्दल सांगितलंच पाहिजे. इंजिनाचं सगळे कौतुक करतात, कारण ते आवाज करतं. पण मला आणखी तीन पोटं आहेत. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा आहे, मागच्या दोन चाकांच्या मधोमध दुसरा. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, आतल्याला कमी. ती वाटणी हे गोळे करतात. आणि माझ्या पोटाखाली मध्यावर एक पेटी आहे. ती इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या गोळ्याला पोहोचवते, म्हणून माझी चारही चाकं ओढतात. साध्या मोटारी वाळूत रुतून बसतात तिथून मी निघून जाते, ती या पेटीमुळे.

या तिन्ही पोटांत दातेरी चाकं असतात आणि ती बुडतील इतकं तेल. हे तेल इंजिनाच्या तेलाहून दाट. त्यातून गोळ्यांच्या तेलाला गंधकाचा असा घाण वास येतो की हुंगणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. पण त्याला इलाज नाही. गोळ्यातले दात एकमेकांवर जोराने घासत सरकतात. साधं तेल तिथून पिळून बाहेर निघतं, गंधकाचं तेल दातांना धरून राहतं. शांतवन दर आठवड्याला माझ्याखाली आडवा व्हायचा, गोळ्याचं बूच काढायचा आणि करंगळी आत घालून पाहायचा. तेल बुचाच्या भोकापर्यंत हवं. कमी नको आणि जास्तही नको.

माझी दुरुस्ती माळीवाड्याजवळ सूर्यभान मिस्त्रींकडे व्हायची. सूर्यभान मूळचे बैलगाड्यांची चाकं करणारे. लढाईत मोटारी वाढल्या तसे ते मोटारींचं काम शिकले. हात सोन्यासारखा, स्वभाव मोकळा. बोलायला लागले की समोरच्याचा चहा थंड व्हायचा.

सन १९४७, दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. शनिवारी सकाळी पारनेरच्या पलीकडच्या एका वस्तीवरून गोरक्षनाथ नावाचा शेतकरी दवाखान्यात आला. रात्रभर बैलगाडी हाकून आला होता. त्याची बायको छबूबाई दहा दिवसांची बाळंतीण होती. आदल्या संध्याकाळी एक पिसाळलेला कोल्हा घरात घुसला आणि थेट बाळाकडे गेला. छबूबाईने हात आडवा घातला. बाळ वाचलं, कोल्हा तिच्या हाताला कडाडून चावला.

मी पायरीपाशीच उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चौदा दिवस, रोज एक सुई. पोटात द्यावी लागते. एकही दिवस चुकवायचा नाही. हा रोग एकदा दिसायला लागला की त्याला औषध नाही. माणसाला पाणी पाहिलं तरी घशाला पेटके येतात. तिला आजच्या आज इथे घेऊन या."

गोरक्षनाथाने मान खाली घातली. "बाई, ती न्हाई यायची. आई म्हनती, सव्वा महिन्याच्या आत बाळंतीन उंबऱ्याभाईर पडली तर लेकरू दगावतं. लई समजावलं मी. ऐकत न्हाई."

बाई रागावतील असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "शांतवन, गाडी काढ. ती येत नसेल तर औषध जाईल."

जायला तीस मैल, यायला तीस मैल, असे चौदा दिवस. शेवटचे आठ मैल तर बैलगाडीची वाट. दगडी उतार, त्याखाली ओढ्याची वाळू. तिथे माझ्याशिवाय कुणाचं काम नव्हतं! त्या दिवशी मी किती ऐटीत निघाले म्हणून सांगू.

निघण्यापूर्वी शांतवनने करंगळी घालून पाहिलं. मागच्या गोळ्यात तेल कमी होतं आणि लष्करातून मिळालेला तेलाचा डबा संपत आला होता. त्याने वाटेत सूर्यभान मिस्त्रींना सांगितलं, "मिस्त्री, कापड बाजाराजवळच्या दुकानात गोळ्याच्या तेलाचा एकच डबा उरलाय. आज आणून ठेवा. परवा संध्याकाळी दोन्ही गोळ्यांचं तेल बदलू."

"आनतो की! तू जा बिनघोर," मिस्त्री म्हणाले.

पहिली सुई त्या दुपारी झाली. दुसरी रविवारी, तिसरी सोमवारी. रविवारी शांतवन चर्चला गेला नाही. वाटेत मला थांबवून, माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून त्याने डोळे मिटले आणि प्रार्थना केली. सोमवारी संध्याकाळी त्याने मला मिस्त्रींच्या छपरात आणून लावलं. त्याचं अंग धुळीने माखलेलं, डोळे लाल. मिस्त्रींनी त्याला घरी पाठवलं. "झोप जरा. भरून ठिवतो मी."

आणि मित्रांनो, मग घात झाला. मिस्त्रींनी माझं जुनं तेल काढलं आणि कोपऱ्यातून एक मातीची घागर आणली. घागरीत होतं एरंडेल! बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकतं ना, त्यातलं एरंडेल. ते त्यांनी दोन्ही गोळ्यांतच नाही, कुणी न सांगता मधल्या पेटीतही ओतलं. बुचाच्या भोकाशी तेल आलं की थांबायचं असतं. त्यांनी मला एका अंगाने जॅकवर उचललं, म्हणजे आणखी मावेल. "खा पोटभर," म्हणाले. बैलगाडीच्या चाकाला वंगण जास्त झालं म्हणून कुणाचं बिघडल्याचं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मी काय बोलणार? मुकाट प्याले.

मंगळवारी सकाळी शांतवनने विचारलं, "भरलं ना, मिस्त्री?" मिस्त्री दुसरीकडे बघत म्हणाले, "भरलं की." शांतवनचा त्यांच्यावर इतका विश्वास होता की त्याने बूच उघडलं नाही. त्याला उशीरही झाला होता. पण खरं सांगायचं तर त्याचंही चुकलंच.

मंगळवार कसाबसा गेला. बुधवारी मागच्या गोळ्यातून बारीक आवाज यायला लागला. एरंडेल चिकट असतं, चांगलं असतं, पण आत राहिलेल्या जुन्या तेलात ते मिसळेना. दोघांचा फेस झाला. फेसाने दात कुठे वाचतात? मी तापले. गुरुवारी चढावर मी उघड कण्हायला लागले. शांतवन म्हणाला, "हिला काय झालंय?" त्याने संध्याकाळी मिस्त्रींना पुन्हा विचारलं. मिस्त्री म्हणाले, "नवं तेल हाय, बसंल हळूहळू." हे त्यांचं दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा ते जड गेलं असावं, कारण त्यानंतर ते एक शब्दही बोलले नाहीत. मिस्त्री गप्प बसले म्हणजे समजा काहीतरी भलतंच झालंय.

शुक्रवार, सातवी सुई. वस्तीच्या अलीकडे दोन मैलांवर तो दगडी उतार लागला. शांतवनने ब्रेक दाबला आणि मी थांबलेच नाही! जास्तीचं एरंडेल मागच्या चाकांपर्यंत झिरपून ब्रेकला लागलं होतं. मागची चाकं गुळगुळीत सुटली आणि मी एका अंगाला ओढली गेले. बाईंनी औषधाची पेटी पोटाशी धरली. लढाईत मी बॉम्ब पाहिलेत, पण इतकी कधी घाबरले नव्हते. शांतवनने हातब्रेक ओढला. तो मधल्या पेटीच्या मागे असतो, चाकांच्या ब्रेकशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो लागला. मी बांधाला घासून उभी राहिले.

कुणाला इजा झाली नव्हती. औषधाची एक कुपीही फुटली नव्हती. शांतवनने माझ्याखाली शिरून बूच काढलं, करंगळी घातली आणि हुंगली. मग पुन्हा एकदा हुंगली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. त्याने करंगळी पुढे केली. बाईंनी वास घेतला. गंधकाची घाण नाही. त्याऐवजी आपल्याकडच्या एकूण एक मुलाला ओळखू येणारा तो वास.

"अरे देवा! हे तर एरंडेल! लहानपणी दर रविवारी नाक दाबून पाजायची आई मला. गाडीला जुलाब देतोय का आपण?" बाई म्हणाल्या, आणि त्याही स्थितीत दोघांना हसू आलं.

हसू लगेच विरलं. बाईंनी पदर खोचला, पेटी उचलली आणि चालू लागल्या. "सुई चुकणार नाही. तू गाडी बघ," एवढंच म्हणाल्या. दोन मैल दगडांतून आणि ओढ्यातून त्या चालत गेल्या. सातवी सुई दीड तास उशिरा झाली, पण झाली. परत त्यांना गोरक्षनाथाने बैलगाडीतून आणून सोडलं. शांतवनने मला पहिल्या गिअरवर, हातब्रेकच्या जोरावर, मुंगीच्या पावलाने नगरला आणलं. दिवेलागणीला आम्ही मिस्त्रींच्या छपराशी पोहोचलो.

सूर्यभान मिस्त्रींनी माझी ओली चाकं पाहिली. विचारायची वेळच आली नाही. ते चाकापाशी खाली बसले.

"शांतवनभाऊ, जोड्यानं मार मला. ते तेल मी आनलंच न्हाई."

"का?"

"त्या दिशी शनिवार हुता. शनिवारी आमी तेल इकत घेत न्हाई. शनिमहाराजाचा वार. म्हनलं सोमवारी आनू. सोमवारी गेल्तो तर डबा कुन्या ट्रकवाल्यानं नेलेला. मंग वाटलं, बापानं जल्मभर एरंडेलावर गाड्या चालवल्या, चालंल हिला बी."

"अहो, मग सोमवारीच का नाही बोललात?"

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. "लाज वाटली. तू लढाईवरनं शिकून आलेला. मी गाड्यांचा सुतार. एक डबा बी आनता येईना, असं कसं सांगू?"

शांतवन त्यांच्याशेजारी बसला. मग म्हणाला, "शनिवार पाळलात, त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. मीही माझा वार पाळतो. पण तुम्ही सांगितलं असतंत तर मी बाईंना त्या उतारावरून नेलं नसतं. त्या बाळंतिणीच्या अजून सात सुया राहिल्यात, मिस्त्री. आता काय करायचं ते सांगा."

मिस्त्री उठले. देवळाली प्रवरेत एका ऊसवाल्या बागायतदाराने लष्करी ट्रक घेतला होता, त्याच्याकडे तेल असणार हे त्यांना माहीत होतं. त्याच रात्रीच्या आगगाडीने ते राहुरीला गेले, तिथून पायी देवळालीला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दोन डबे घेऊन छपराशी हजर झाले. तो शनिवार होता.

मिस्त्री म्हणाले, "महाराजाला सांगून आलोय. म्हनलं, हे तेल माझं न्हाई, त्या बाईच्या सुईचं हाय. कोपायचं तर माझ्यावर कोप."

मग त्यांनी जे केलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं. दोन्ही डबे खाली ठेवून ते म्हणाले, "डब्यावरलं विंग्रजी मला वाचता येत न्हाई, आन् दोनाचा वास बी निराळा हाय. कुठलं तेल कुठं, तू सांग. माझ्या मनानं मी थेंब ओतायचो न्हाई."

डब्यांवरची अक्षरं गंजून गेली होती, ती शांतवनलाही लागेनात. नुसत्या वासावर विसंबायचं नव्हतं, म्हणून त्याने लष्करातली युक्ती केली. दोन वाट्यांत दोन्ही तेलं घेऊन चुलीवर चांगली तापवली. भोकाचे दोन तांब्याचे पैसे राखेने घासून लख्ख केले, भोकातून तार ओवली आणि एकेका वाटीत एकेक पैसा सोडला. पाऊण तासाने बाहेर काढले. एक पैसा तसाच तांबूस होता, दुसरा काळा ठिक्कर पडला होता. ज्यात पैसा काळा पडला त्याच तेलाला तो घाणेरडा वास होता.

"हे जहाल गंधकाचं. हे दोन्ही गोळ्यांना," शांतवन म्हणाला. "तिथे लोखंडाचे दात घासतात, त्यांना हेच हवं. मधल्या पेटीत पितळी चकत्या आहेत. त्यात हे घातलं तर पैशासारख्या चकत्या खाल्ल्या जातील. तिला हे दुसरं, सौम्य."

"म्हंजी एकाचं अमृत ते दुसऱ्याचं इख," मिस्त्री म्हणाले.

"तसंच काहीसं."

दोघांनी माझी तिन्ही पोटं रॉकेलने धुतली. मागचे ब्रेक खोलून पुसले, कानशीने खरवडले, तेल झिरपू नये म्हणून नवीन चामडी वायसर घातले. तेल भरताना मिस्त्री स्वतः आडवे झाले. बुचाच्या भोकातून पहिला थेंब ओघळला तसे ओरडले, "बास! बास!" जॅकला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. मला किती बरं वाटलं! उपाशी माणसाला ताटभर जेवण मिळावं तसं वाटलं.

दुपारी एकला आम्ही निघालो. मागच्या बाजूला सूर्यभान मिस्त्री बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. वस्तीवर बाई आत सुई द्यायला गेल्या आणि मिस्त्री उंबऱ्याबाहेर उभं राहून मोठ्याने म्हणाले, "छबूबाई, काल तुमची सुई माझ्यापायी उशिरा आली. गाडीत चुकीचं तेल मी घातलं आन् वर खोटं बी बोललो."

छबूबाईची सासू मालनबाई बाहेर आली. ती भारी तिखट बाई. "एवढा बाप्या गडी आन् खोटं बोलतोस व्हय रं? माझ्या सुनंला काय झालं असतं म्हंजी?" मिस्त्रींनी मान वर केली नाही. मालनबाईने त्यांना आणखी चार शब्द ऐकवले. मग आत जाऊन भाकरी आणि पिठलं घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "खा आता. तोंड बघ कसं सुकलंय."

पुढच्या सहा सुया वेळेवर झाल्या. मागच्या गोळ्यातला बारीक आवाज मात्र कायमचा राहिला. दातांना चरे पडले ते पडलेच. पण मी एकदाही अडले नाही. शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, "आपल्या हातात होतं ते झालं. आता वाट पाहायची." छबूबाईच्या हाताची जखम भरली होती, पण जखम भरली म्हणजे रोग टळला असं नसतं. रोज पाणी पिताना मालनबाई सुनेच्या तोंडाकडे टक लावून बघायची, असं गोरक्षनाथ सांगायचा.

सव्वा महिना पुरा झाला आणि छबूबाई विहीर पुजायला निघाली. आमच्याकडे बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडते ती विहिरीवरच. आम्हाला खास आवतण होतं. बाई, शांतवन आणि सूर्यभान मिस्त्री आले, आणि अर्थात त्यांना मीच आणलं. मला विहिरीपासून दहा हातांवर उभं केलं होतं.

छबूबाईने बाळाला सासूकडे दिलं. विहिरीला हळदकुंकू वाहिलं, पाच खडे मांडून पुजले. मग गोरक्षनाथाने पोहऱ्याने पाणी शेंदलं आणि कळशीत ओतलं. पाणी हिंदकळलं, त्यावर ऊन चमकलं. सगळी वस्ती एकदम गप्प झाली. मिस्त्रींनी माझ्या पुढच्या पत्र्यावर हात टेकला होता.

छबूबाईने कळशीत वाकून पाहिलं. दोन्ही हातांनी कळशी उचलली आणि तोंडाला लावली. घटाघटा प्याली. पाणी तिच्या हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. कळशी खाली ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "अजून शेंदा की. लई गार हाय."

मालनबाईने बाळासकट तिला कवटाळलं. मिस्त्री लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले आणि शांतवनने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाई म्हणाल्या, अजून दोन महिने लक्ष ठेवू. ते दोन महिने गेले, त्यानंतर दोन वर्षं गेली. छबूबाई ठणठणीत आहे आणि बाळ आता सगळ्या वस्तीला पळवतं.

मित्रांनो, मला कोंबड्यांची तक्रार करायची नाही. माझं मागणं लहानसं आहे. कुठलीही गाडी असो, तिचं बूच उघडून करंगळी घालून पाहत जा. तिला काय हवं ते ठाऊक नसेल तर विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. आणि हातून चुकीचं तेल पडलंच, तर लाजू नका, गप्प बसू नका. तिच्या भरवशावर कुणीतरी बसलेलं असतं. गाडी सुटायच्या आत सांगा.